अंध माणसाने काढलेला फोटो नक्की कोणाचा?

मागच्या महिन्यात पुण्यात हौशी फोटोग्राफर लोकांच्या एका प्रदर्शनाला गेलो होतो. साठ-सत्तर फोटो असतील, त्यातल्या एका भिंतीवरच्या सहा फोटोंखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की फोटो काढणाऱ्या व्यक्तीला दिसत नाही. त्या भिंतीपुढे मी तासभर तरी उभा होतो आणि तेवढ्या वेळात दोनच प्रकारची वाक्यं ऐकली. एक म्हणजे "बापरे, कमाल आहे यांची, नाहीतर आपण बघा, डोळे असून काय करतो!" आणि दुसरं, जरा हळू आवाजात, "अहो यात त्यांचं काय, ऑटोफोकस कॅमेऱ्याचा, एक्स्पोजर म्हणजे किती उजेड घ्यायचा तेही कॅमेऱ्याचं, काढलेल्या दोनशे फोटोंतले सहा कोणीतरी डोळस माणसाने निवडले असणार." नंतर आमच्या फोटोग्राफी क्लबच्या ग्रुपवर आठवडाभर हाच वाद चालला, पहिल्या बाजूने हात जोडलेल्या इमोजींचा पाऊस पाडला, दुसऱ्या बाजूने टेक्निकल मुद्दे मांडले, आणि या सगळ्यात त्या सहा फोटोंत काय आहे याबद्दल कोणी एक ओळ लिहिली नाही. मला या वादात सगळ्यात जास्त लागलं ते हे.

तर आधी एक फोटो सांगतो. ओली फरशी आहे, दाराचा उंबरा आहे आणि त्या उंबऱ्यावरून उडी मारणारी दोन लहान पावलं, पैंजण घातलेली, एक हवेत आणि एक जेमतेम टेकलेलं. गुडघ्याच्या वरचं काहीच फ्रेममध्ये नाही, फ्रेम डावीकडे थोडी कललेली आहे. डोळस माणसाने हा फोटो काढला असता तर मुलीचा चेहरा घेतलाच असता, कारण आपल्याला चेहऱ्याची सवय असते. इथे कॅमेरा चेहऱ्याकडे गेलाच नाही, पैंजण जिथे वाजत होतं तिथे गेला, जमिनीपासून वीतभर उंचीवर. फोटोत आवाज दिसत नसतो हे मला कळतं, पण या फोटोची पूर्ण रचना त्या आवाजावर उभी आहे आणि ती समजली की मग कललेली फ्रेमसुद्धा चूक वाटत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. हा फोटो ज्याने काढला त्याचाच आहे, पूर्णपणे, आणि त्याच्याकडे फोटो म्हणूनच बघायला पाहिजे, म्हणजे चांगला असेल तर का चांगला ते सांगा आणि फसला असेल तर फसला म्हणा. टाळ्या वाजवणारे आणि नाकं मुरडणारे दोघंही एकच गोष्ट गृहीत धरतात, की फोटो डोळा काढतो. एकाला त्यामुळे तो चमत्कार वाटतो, दुसऱ्याला फसवणूक. मला हे गृहीतकच चुकीचं वाटतं. फोटो निघतो तो लक्षातून, म्हणजे कशाकडे किती लक्ष गेलं आणि ते कधी पकडावंसं वाटलं यातून. डोळा हा लक्षाचा सगळ्यात वापरातला रस्ता आहे, पण एकुलता एक नाही. मराठीत आपण दिसणं आणि बघणं असे दोन वेगळे शब्द वापरतो. समोरचं सगळं दिसत असतं तरी आई ओरडते "बघून चाल जरा", तेव्हा ती डोळ्यांबद्दल बोलत नसते.

आता नाकं मुरडणाऱ्यांचे मुद्दे फालतू आहेत असं मी म्हणणार नाही. ज्याला आपलं काम स्वतः तपासता येत नाही तो त्या कामाचा मालक कसा, हा प्रश्न खरा आहे. गायकाला आपला सूर ऐकू येतो, लेखकाला लिहिलेलं वाचता येतं, इथे मात्र जे तयार झालं ते करणाऱ्यालाच कधी दिसणार नाही. शिवाय निवड दुसऱ्याने केली तर श्रेय कोणाचं? आणि दोनशे फोटोंत पाच-सहा बरे निघणं हा योगायोगही असू शकतो, एखादं लहान मूल फोन घेऊन घरभर पळालं तरी एखादा फोटो भारी येतोच. हे तीन मुद्दे मला इतके वजनदार वाटतात की टाळ्यांच्या आवाजात ते दाबले गेले याचं वाईट वाटतं.

पण आधी अंध म्हणजे काय ते नीट बघू, कारण अंध म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे मिट्ट काळोख येतो. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात चांगल्या डोळ्याची नजर चष्मा लावूनही ३/६० पेक्षा कमी असेल किंवा नजरेचा आवाका १० अंशांपेक्षा कमी असेल तरी त्याला अंधत्व म्हटलंय. म्हणजे इतरांना साठ मीटरवरून ओळखू येतं ते तीन मीटरवरूनही धड ओळखता येत नाही असा माणूस, किंवा नळीतून बघितल्यासारखं मधलंच तेवढं दिसतं असा माणूस. कोणाला उजेड-अंधार कळतो, कोणाला रंगाचे डाग दिसतात, कोणाला काहीच नाही, कोणी तिसाव्या वर्षापर्यंत सगळं जग बघितलेलं असतं. या सगळ्यांना एका पिशवीत घालून "अंध फोटो काढू शकतो का" असं विचारणं म्हणजे प्रश्नच ढिसाळ झाला.

माझ्या मावशीला काचबिंदू आहे, गेली नऊ वर्षं तिला फक्त खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढंच कळतं. तीन वर्षांपूर्वी गणपतीत अंगणात सगळ्यांचा ग्रुप फोटो चालला होता, मी कॅमेरा घेऊन उभा, मावशी माझ्या शेजारी खुर्चीत. ती म्हणाली, "अरे यांना तिकडे का उभं केलंस, चेहरे काळे येतील सगळ्यांचे." मी स्क्रीन बघितली तर खरंच, मागून ऊन येत होतं आणि सगळ्यांचे चेहरे काळपट. तिला कसं कळलं विचारलं तर म्हणाली, "ऊन माझ्या तोंडावर लागतंय आणि त्यांचे आवाज समोरून येतायत, म्हणजे ऊन त्यांच्या पाठीशीच की." मी वीस वर्षं फोटो काढतोय, लाइटची दिशा यावर पुस्तकं वाचलीत, आणि त्या दिवशी मी हसणारी तोंडं मोजण्यात गुंतलो होतो. अंध फोटोग्राफर असंच काम करतात, उन्हाच्या उबेवरून प्रकाशाची बाजू, आवाजावरून माणसाची उंची आणि अंतर, हाताने चाचपून वस्तूचा आकार, पावलं मोजून जागा. फोनमधला व्हॉइसओव्हर फ्रेममध्ये किती चेहरे आहेत ते बोलून दाखवतो ती वेगळी मदत. हे सगळं निर्णय घेणं आहे, आणि कॅमेऱ्याचं ऑटोफोकस यातला एकही निर्णय घेत नाही.

मुंबईत पार्थो भौमिक यांनी २००६ पासून दृष्टिहीन मुलांना फोटोग्राफी शिकवायला सुरुवात केली, ब्लाइंड विथ कॅमेरा या नावाने ते काम ओळखलं जातं. त्याच्याही आधीपासून स्लोव्हेनियात जन्मलेला एव्हगेन बाव्चार आहे, दोन वेगवेगळ्या अपघातांत बारा वर्षांचा होईपर्यंत त्याची दृष्टी गेली, पुढे पॅरिसला तत्त्वज्ञान शिकला आणि आयुष्यभर फोटो काढत राहिला. त्याचे बरेचसे फोटो रात्रीचे किंवा अंधाऱ्या खोलीतले आहेत, शटर उघडं ठेवायचं आणि हातातल्या दिव्याने जिथे पाहिजे तिथेच उजेड टाकायचा. थोडं थांबून विचार केला की कळतं, प्रकाश कुठे पडेल हे तिथे शंभर टक्के तो ठरवतोय, जे भर उन्हात फोटो काढणाऱ्या तुमच्या-माझ्या हातात कधीच नसतं.

आता पहिला मुद्दा, काढणाऱ्याला दिसत नाही. एसएलआर कॅमेरा ज्यांनी वापरलाय त्यांना माहिती आहे की शटर दाबलं की आतला आरसा वर उचलला जातो आणि व्ह्यूफाइंडर काळा होतो. म्हणजे ज्या क्षणाचा फोटो निघतो नेमका तोच क्षण फोटोग्राफरला दिसत नाही! दिसतो तो त्याच्या आधीचा आणि नंतरचा. गेल्या शतकातले आपण ज्यांना मानतो असे कितीतरी फोटो असे काढलेत, काढणारा त्या क्षणी आंधळा होता आणि त्याने अंदाजाने, सवयीने, शरीरात मुरलेल्या तालावर बटण दाबलं. शिवाय फिल्मच्या काळात रोल धुवून येईपर्यंत कित्येक दिवस कोणालाच काही दिसत नसे. १० एप्रिल १९२७ ला अँसल अॅडम्स हा निसर्गाचे फोटो काढणारा प्रसिद्ध फोटोग्राफर अमेरिकेत योसेमिटीच्या डोंगरांत हाफ डोम नावाच्या कड्यापुढे उभा होता. पिवळा फिल्टर लावून त्याने एक प्लेट, म्हणजे काचेची निगेटिव्ह, खर्च केली आणि मग त्याला वाटलं की आपल्याला या कड्यापुढे जे वाटतंय ते यात येणार नाही, म्हणून त्याने गडद लाल फिल्टर लावला, ज्यामुळे ब्लॅक अँड व्हाइट फोटोत निळं आकाश जवळजवळ काळं होतं. ते काळं आकाश तिथे नव्हतं. त्याच्या डोळ्यांना ते दिसत नव्हतं, मनात दिसत होतं. पुढे आयुष्यभर तो हेच शिकवत राहिला की बटण दाबायच्या आधी प्रिंट मनात तयार पाहिजे. हे आपण वर्कशॉपमध्ये आदराने ऐकतो, आणि तेच एखादा अंध मुलगा म्हणाला की मी आधी मनात चित्र करतो मग फोटो काढतो, तर मात्र आपल्याला पुरावा पाहिजे?

आणि हा "मशीनने काढला, माणसाने नाही" आरोप तर अगदी जुना. १८५९ मध्ये बोदलेअर या फ्रेंच कवीने पॅरिसच्या चित्रप्रदर्शनावर लिहिताना फोटोग्राफीवर हाच राग काढला होता, की हिने विज्ञानाची आणि कलेची नोकराणी म्हणून राहावं, कल्पनेच्या प्रांतात पाय ठेवू नये. त्यानंतर कितीतरी दशकं फोटोग्राफर लोक भांडले की नाही, यंत्रामागे माणूस असतो. अमेरिकेत ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. नेपोलियन सरोनी नावाच्या फोटोग्राफरने १८८२ मध्ये ऑस्कर वाइल्डचा फोटो काढला, एका कंपनीने तो परस्पर छापला आणि कोर्टात सांगितलं की फोटो म्हणजे यंत्राने घेतलेली नक्कल, याला लेखक, म्हणजे कर्ता, कुठला. १८८४ मध्ये कोर्टाने सरोनीच्या बाजूने निकाल दिला आणि कारणं काय दिली, तर पोज त्याने ठरवली, कपडे-पडदे त्याने मांडले, उजेड-सावली त्याने जुळवली, चेहऱ्यावरचा भाव त्याने आणवला, आणि हे सगळं त्याच्या स्वतःच्या मनातल्या कल्पनेतून आलं. लेन्समधून कोणी बघितलं हा मुद्दा त्या यादीत नाही. सरोनीच्या स्टुडिओत कॅमेरा चालवायचं काम तर बहुतेक वेळा सहायकच करायचा. ज्या युक्तिवादावर फोटोग्राफी कला म्हणून उभी राहिली तोच युक्तिवाद अंध माणसासाठी मात्र चालणार नाही असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं, आणि ते म्हणणारे स्वतः फोटोग्राफर आहेत याचं जास्त दुःख होतं.

निवडीच्या मुद्द्यावर येऊ. रस्त्यावरचे फोटो काढणारा अमेरिकन फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड १९८४ मध्ये गेला तेव्हा त्याच्यामागे सुमारे अडीच हजार रोल न धुतलेले पडले होते, आणि आणखी हजारो धुतलेले पण त्याने कधी नीट न बघितलेले. ते दुसऱ्यांनी धुतले, दुसऱ्यांनी निवडले, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९८८ मध्ये लावले. व्हिव्हियन मायर या अमेरिकन फोटोग्राफरचं तर आख्खं नाव ती गेल्यावर झालं, लाखाच्या वर निगेटिव्ह, तिने स्वतः त्यातले फारच थोडे फोटो प्रिंट करून बघितले. यावर वाद झाले, व्हायलाही पाहिजेत, निवडणारा माणूस फोटोग्राफरला थोडा बदलतोच. पण म्हणून ते फोटो विनोग्रँडचे नाहीत असं कोणी म्हणालं का? आपल्याकडे तर याहून जवळचं उदाहरण आहे. गुलाबराव महाराज, अमरावती जिल्ह्यातले, १८८१ चा जन्म, तान्हेपणीच दृष्टी गेली आणि जेमतेम ३४ वर्षांच्या आयुष्यात शंभराहून जास्त ग्रंथ. ते सांगायचे आणि शिष्य लिहून घ्यायचे. विदर्भ त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतो, लेखणी कोणाच्या हातात होती असं कोणी विचारत नाही. ज्ञानेश्वरीच्या शेवटी तर स्पष्टच आहे, "सच्चिदानंदबाबा आदरें लेखकु जाहला", म्हणजे ज्ञानेश्वरांनी सांगितलं आणि बाबांनी लिहून घेतलं. त्यात बाबांचं नावही राहिलं आणि ग्रंथ ज्ञानेश्वरांचाच राहिला. मला वाटतं अंध फोटोग्राफरच्या फोटोंखालीही निवडणाऱ्याचं नाव असंच आदराने लिहावं, लपवू नये, म्हणजे संशयाला जागाच उरणार नाही.

योगायोगाचं म्हणाल तर तो फोटोग्राफीच्या हाडातच आहे. कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच फोटोग्राफरचा १९३२ चा फोटो, पॅरिसच्या सां-लझार स्टेशनामागे साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस, तो कुंपणाच्या फळ्यांच्या फटीत लेन्स खुपसून काढलेला आहे, फळी फ्रेममध्ये आली म्हणून नंतर कडा कापावी लागली. नशिबाचा वाटा त्याने स्वतः मान्य केला होता. आज आपण बर्स्ट मोडवर सेकंदाला वीस फ्रेम काढून त्यातला एक ठेवतो, तेव्हा तो योगायोग कौशल्य का म्हणवून घेतो? एकदा लागला तर मटका, पण पुन्हापुन्हा लागला, आणि त्या सगळ्यात एकच माणूस जाणवायला लागला, तर त्याला शैली म्हणतात. म्हणून एक फोटो बघून निकाल देऊ नका, तीस बघा. त्या भिंतीवरच्या सहापैकी चार फोटोंची उंची जमिनीलगतची होती आणि सहाही फोटोंत काहीतरी वाजणारं होतं, हे मला तासाभराने लक्षात आलं.

एक आक्षेप मात्र मला अजून पूर्ण सोडवता आलेला नाही, तो जन्मांध माणसाबद्दलचा. मेंदू आणि दृष्टीचा अभ्यास करणाऱ्या पवन सिन्हा यांच्या प्रोजेक्ट प्रकाशने भारतात जन्मापासून न दिसणाऱ्या मुलांवर उपचार केले. त्यातल्या ८ ते १७ वयाच्या पाच जणांवरचा अभ्यास २०११ मध्ये आला. हाताने चाचपलेली वस्तू दृष्टी आल्याबरोबर नुसती बघून त्यांना ओळखता आली नाही, काही दिवसांत मात्र यायला लागली. म्हणजे स्पर्शाचं जग आणि नजरेचं जग आपोआप जुळलेलं नसतं. मग जन्मांध माणूस फोटो काढतो तेव्हा तो जे मनात ठेवतो ते आपल्याला फोटोत दिसतं ते नसणार, हे मी मान्य करतो. पण त्याच अभ्यासातून दुसरंही कळतं, की बघणं ही शिकायची गोष्ट आहे, डोळ्यांबरोबर फुकट मिळणारी नाही. आपल्या डोळ्यालाही स्वच्छ दिसतो तो मधला दोनेक अंशांचा तुकडा, हात लांब करून अंगठ्याचं नख जेवढं दिसतं साधारण तेवढाच, बाकीचं डोळे सारखे हलवून आणि मेंदूने भर घालून तयार होतं, आणि प्रत्येक डोळ्यात एक जागा अशी आहे जिथे काहीच दिसत नाही पण मेंदू ती बुजवून टाकतो. तेव्हा तुमच्या मनातलं चित्र आणि फोटोतलं चित्र तरी कुठे एक असतं?

शांतिनिकेतनातले चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांची नजर मुळात अधू होती आणि १९५६-५७ च्या सुमारास ऑपरेशननंतर उरलीसुरली गेली. त्यानंतर त्यांनी कागदाचे तुकडे कापून कोलाज केली, शांतिनिकेतनात टाइल्सचं मोठं भित्तिचित्र केलं, सत्यजित रायनी १९७२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट काढला. कलेवर लिहिणारे त्या कोलाजांबद्दल लिहितात तेव्हा आकार, रंग, रचना यावर बोलतात. बिचारे म्हणून त्यांना सूट कोणी देत नाही.

हीच गोष्ट मला टाळ्या वाजवणाऱ्या मित्रांना सांगायची आहे, आणि मनापासून सांगतोय, कारण तुमचा हेतू चांगला असतो हे मला माहिती आहे. "प्रेरणादायी" म्हणून तुम्ही पुढच्या भिंतीकडे जाता तेव्हा तुम्ही फोटो बघायचं टाळलेलं असतं. त्या सहांतला एक फोटो खरोखर कमजोर होता, हातात मूर्ती धरलेली, स्पर्श दाखवायचा म्हणून दाखवलेला, अंध फोटोग्राफरने असंच काहीतरी काढावं ही आपली अपेक्षा ओळखून काढल्यासारखा. ते त्याला कोणी सांगितलं नसणार. आपल्या क्लबात वारीतल्या आजीबाईंच्या सुरकुत्या, भिगवणचे फ्लेमिंगो, कासची फुलं दरवर्षी त्याच त्याच अँगलने येतात, तेव्हा आपण एकमेकांना तोंडावर सांगतो की हे बघितलेलं आहे, नवीन काय? हे सांगण्याचा मान त्यालाही द्यायला हवा. आणि प्रदर्शन भरवणाऱ्यांनी फोटोशेजारी उठावाचं चित्र ठेवावं, ब्रेलमध्ये वर्णन ठेवावं, ज्याने काढलाय त्याला निदान आपल्या प्रदर्शनात बोटं फिरवता यावीत. भौमिक यांच्या मुंबईतल्या कामात हे झालंय, त्यामुळे अशक्य नाही.

त्या प्रदर्शनानंतर मी माझा जुना फोन मावशीला दिला. पहिले काही दिवस ती नुसती छताचे फोटो काढत होती. मग एका दुपारी ओट्यापाशी कुकरच्या शिटीवर नेम धरून तिने एक काढला आणि मला म्हणाली, "सांग काय आलंय." मी सांगितलं, कुकर आलाय, अर्धा गॅस आलाय, वाफ आलीय, छान आलाय. "वाफ कुठल्या बाजूला गेलीय?" मी म्हटलं वर. "नीट बघ, मागची खिडकी उघडी होती, माझ्या मानेला वारा लागत होता." मी स्क्रीन मोठी करून परत बघितलं. वाफ वर जाऊन भिंतीच्या बाजूला वळलेली होती, आणि तिथल्या कॅलेंडरचं एक पान त्याच वाऱ्याने उचललं गेलं होतं.